वजन हलके, स्प्रिंग कडक

देवास गेट बसस्थानकातून निघालेली रिकामी बस खड्ड्यात दणदण आदळते. तीच बस भरली की मऊ चालते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. कारण तिचे कमानपाटे भरलेल्या बसच्या वजनाला धरून बसवलेले असतात. मुलांच्या डर्ट बाइकचेही तसेच. मूल हलके असेल तर स्प्रिंग पुरेशी दबत नाही, चाक उसळून जमीन सोडते, आणि पायही नीट टेकत नाहीत. मग वळणावर गाडी घसरते.

तपासणी सोपी आहे. गाडी स्टँडवर उचलून मागच्या चाकाच्या आसापासून मडगार्डवरील एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी खाली घेऊन, हेल्मेट-बूट घातलेल्या मुलाला बसवून तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक-तृतीयांश हवा. म्हणजे हालचाल २१० मिलिमीटर असेल तर ७०. फरक कमी आला तर स्प्रिंगवरची कडी थोडी सैल करावी. स्प्रिंग हाताने हलू लागेपर्यंत मात्र सैल करू नये; तोवर माप जमले नाही तर मऊ स्प्रिंगच बसवून घ्यावी.

गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो. स्प्रिंग मात्र आजच्या वजनाची लागते. वजन वाढले की पुन्हा मोजावे.

पालकांना एक विनंती : ही गाडी बंदिस्त मैदानातच चालू द्यावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने या कायद्याखाली गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.