रेड बॅरनचं उडतं घराणं

‘रेड बॅरन’ सगळ्यांना ठाऊक असतो, पण पहिल्या महायुद्धात त्याच्या घराण्यातले तिघं लढाऊ वैमानिक होते! रेड बॅरन म्हणजे मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन, प्रशियातल्या सरदार घराण्यातला, मुळात घोडदळाचा अधिकारी. खंदकांच्या लढाईत घोडदळाला कामच उरलं नाही, म्हणून १९१५ मध्ये तो विमानदलात गेला. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे तो बर्लिनच्या सराफाकडून चांदीचा छोटा पेला घडवून घ्यायचा. चांदीची टंचाई झाली आणि ६० पेल्यांवर हा शिरस्ता थांबला. त्याच्या नावावर ८० विजय, धाकटा भाऊ लोथार याच्या नावावर ४०. २१ एप्रिल १९१८ रोजी भाऊबंदांतल्या नवख्या वोल्फ्रामवर हल्ला करणाऱ्या विमानाचा पाठलाग करताना मानफ्रेड मारला गेला. वोल्फ्राम पुढे हिटलरच्या हवाई दलात फील्ड मार्शल झाला. १९३७ मध्ये स्पेनमधल्या गेर्निका गावावरच्या बॉम्बहल्ल्याची आखणी त्याचीच. एकाच घराण्याचे हे दोन्ही वारसे, लढाऊ वैमानिकांचा आणि बॉम्बहल्ल्याचा, अभ्यासायलाच हवेत.