‘मोकळी’ जमीन कोणाची?

शहरातील पडीक जागा लोकांच्या उपयोगी आणाव्यात, याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एखादी जागा ‘मोकळी’ आहे, हे ठरविणार कोण? मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींचा इतिहास कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी या दृष्टीने अभ्यासावयास हवा.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न पुढे आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरविले की, गिरणी पाडून पुनर्विकास करावयाचा तर जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करावेत. एक महापालिकेला उद्याने व मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला.

२००१ मध्ये हा नियम बदलला. वाटे सबंध जमिनीचे नव्हेत, तर मुळात बांधकाम नसलेल्या जमिनीचेच करावयाचे, असे ठरले. गिरणी म्हणजे शेड, गोदामे, चिमणी; तिच्या आवारात मोकळी जागा असणार ती कितीशी? शेड पाडल्यावर रिकामी होणारी जमीन वाटपातून सुटली. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि शहराचा वाटा आटला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकहिताचा अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

या जमिनीशी आपले नाते दुहेरी आहे. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. तेवढ्यावरून विटाळाचे निमित्त करून अधिक मजुरीच्या त्या खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद ठेवले गेले. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ज्यांना गिरणीत पुरता वाटा मिळाला नाही, त्यांना गिरणी गेल्यावर तिच्या जमिनीतही मिळू नये, हा न्याय कोठला?

दादरची इंदू मिल मात्र वेगळे सांगते. चैत्यभूमीलगतच्या या गिरणीत ६ डिसेंबर २०११ रोजी आंबेडकरी कार्यकर्ते शिरले. डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने ती जमीन स्मारकासाठी देण्याचे जाहीर केले. लोकांनी हक्क सांगितला, म्हणून जमिनीचा उपयोग बदलला.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखड्यावर हरकती व सूचना नोंदविण्याचा हक्क सर्वांना आहे. शिक्षकांनी तो नकाशा वर्गात उघडावा. आपल्या वस्तीजवळच्या कोणत्या जागेवर शाळेचे, दवाखान्याचे, मैदानाचे आरक्षण आहे आणि प्रत्यक्षात तेथे काय आहे, हे विद्यार्थ्यांनी जाऊन पाहावे. मुदत संपण्यापूर्वी हरकत लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.