संगणकाचा सूर लावताना

रात्रीची वेळ आहे. घरात निजानीज झाली आहे. संगणकाला जोडलेल्या स्पीकरमधून विलंबित ख्याल सुरू आहे. गायक षड्जावर स्थिरावला आहे, मागे तानपुरा एकसारखा झंकारतो आहे आणि नेमक्या त्याच क्षणी 'टक्' असा बारीक आवाज येतो. पाठोपाठ ई-मेल आल्याची घंटी वाजते आणि समाधी भंगते. चित्रपटगीताच्या भरगच्च वाद्यमेळात असा एखादा खटका लपून जातो. तानपुऱ्याच्या अखंड नादात मात्र तो भाताच्या घासातील खड्यासारखा लागतो.

कॅसेट प्लेअर किंवा सीडी प्लेअर यांना गाणे वाजविण्यापलीकडे दुसरे काम नव्हते. संगणकाला मात्र सतरा कामे असतात. इंटरनेटवरून माहिती आणणे, विषाणू शोधणे, पडद्यावरील चित्र बदलणे ही सारी कामे वाटून देणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी गाणे हे त्यांपैकीच एक. तिला संगीतासाठी सज्ज करण्याचे शेकडो उपाय आज सुचविले जातात. त्यांतील काही खरोखर उपयोगी आहेत, काही निरुपद्रवी पण व्यर्थ आहेत, तर काही चक्क घातक आहेत. त्यांची पारख करण्यासाठी दोनच प्रश्न पुरतात. फाईलमधील आकडे स्पीकरकडे जाताना वाटेत बदलतात का? आणि ते वेळेवर पोहोचतात का?

आकड्यांचे गाणे

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदविली जाते. डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजू धरल्या, तर सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. ही संख्या मनाला येईल तशी ठरलेली नाही. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकतो आणि कोणतीही कंपनसंख्या अचूक टिपायची, तर तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते. १६ बिटांमुळे अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते. घरातील श्रवणासाठी ते पुरेसे आहे.

एमपी३ फाईल लहान होते, ती या नोंदींतील कानाला कमी जाणवणारा भाग गाळून. २००१ मध्ये आलेल्या 'फ्लॅक'ची पद्धत वेगळी आहे. घडी घातलेली साडी उलगडली की जशीच्या तशी मिळावी, तसे फ्लॅकमधून मूळ आकडे एकही न गमावता परत मिळतात. म्हणून सर्व उपायांच्या आधी आपली फाईल कोणती आहे, ते पाहावे. कमी दर्जाच्या एमपी३मध्ये जे गळून गेले, ते कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम परत आणू शकत नाही.

हे आकडे शेवटी 'डॅक' या भागाकडे जातात आणि तेथे त्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर होते. डॅक संगणकाच्या मदरबोर्डवर असतो किंवा यूएसबीने जोडलेल्या वेगळ्या डबीत. फाईल आणि डॅक यांच्या मधल्या वाटेवर ऑपरेटिंग सिस्टिमचे राज्य असते.

मिश्रणाची मेख

गाणे सुरू असताना ई-मेलची घंटीही ऐकू यावी, यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला दोन्ही आवाजांची बेरीज करावी लागते. बेरजेसाठी दोन्हींचा नमुनादर, म्हणजे दर सेकंदाच्या मोजण्यांची संख्या, सारखा असावा लागतो. येथेच मेख आहे. चित्रफितींच्या दुनियेत सेकंदाला ४८,००० मोजण्यांचा प्रघात आहे आणि इंटेलने १९९७ मध्ये आणलेल्या 'एसी ९७' या मानकाचा पायाही हाच आकडा होता. त्यामुळे त्या काळातील असंख्य संगणकांत सीडीचे गाणे वाजविताना मूळच्या प्रत्येक १४७ नोंदींच्या जागी हिशेब करून १६० नव्या नोंदी तयार कराव्या लागत. हा हिशेब काटेकोर असेल, तर फरक कानाला कळत नाही. तो स्वस्तात उरकला, तर मूळ गाण्यात नसलेले अपस्वर आत शिरतात.

विंडोज एक्सपीमध्ये मिश्रणाचे हे काम 'केमिक्सर' नावाचा भाग करीत असे आणि दर्दी श्रोत्यांचा त्याच्यावर रोष होता. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने ध्वनीची सारी यंत्रणा नव्याने बांधली. तिच्यातील मिश्रण अधिक अचूक आहे. तरीही सर्व आवाज एकाच दरावर आणून मिसळण्याचे तत्त्व विंडोज ११ मध्येही कायम आहे.

यावरचा उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. कंट्रोल पॅनेलमधील 'साऊंड' उघडावे, आपला स्पीकर किंवा डॅक निवडून 'प्रॉपर्टीज'मध्ये जावे आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पानावरील 'डीफॉल्ट फॉरमॅट' पाहावा. संग्रह मुख्यतः सीडीवरून घेतलेला असेल, तर तेथे ४४,१०० हर्ट्झ आणि शक्य असल्यास २४ बिट निवडावेत. आवाजाला 'खुलविण्या'साठी दिलेल्या 'एन्हान्समेंट्स' बंद कराव्यात. त्याच खिडकीतील 'कम्युनिकेशन्स' या पानावर, इंटरनेटवरून फोन आल्यास इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची सूचना मुळातच दिलेली असते. तीही बदलता येते.

थेट वाट

मिश्रणच नको असेल, तर आडवाट उपलब्ध आहे. जर्मनीच्या स्टाईनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी 'असिओ' ही पद्धत आणली. तिच्यात कार्यक्रम थेट ध्वनियंत्राशी बोलतो. व्हिस्टापासून विंडोजमध्येच 'वासापी' ही यंत्रणा आहे. तिच्या 'एक्सक्लुझिव्ह' प्रकारात गाणे वाजविणारा कार्यक्रम डॅकचा पूर्ण ताबा घेतो. मग डॅक गाण्याच्या मूळ दरावर चालतो आणि ई-मेलची घंटीही मुकी होते. २००२ पासून उपलब्ध असलेला 'फूबार २०००' किंवा 'म्युझिकबी' या मोफत प्लेअरांत ही सोय आहे. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप' या साधनातून डॅकचा दर ठरविता येतो. लिनक्समध्ये 'अल्सा' या थरातून ध्वनियंत्राशी थेट संबंध जोडता येतो.

वाट खरोखर निर्मळ आहे का, हे तपासण्याची एक जुनी युक्ती आहे. घरी होम थिएटरचा रिसीव्हर असेल, तर तो ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल केबलने संगणकाला जोडावा आणि डीटीएस पद्धतीच्या सीडीवरून घेतलेली, तोटा न झालेली फाईल अगदी हळू आवाजात लावावी. आकडे जसेच्या तसे पोहोचले, तर रिसीव्हर ते ओळखून संगीत ऐकवितो. वाटेत कोणी ढवळाढवळ केली असेल, तर नुसती खरखर ऐकू येते.

येथे आवाजाच्या बटणाचाही विचार करावा. संगणकावर आवाज कमी करणे म्हणजे प्रत्येक आकडा लहान करणे. दर सहा डेसिबलला साधारण एक बिट खर्ची पडतो. वाट १६ बिटांची असेल, तर संगणकाचा आवाज पूर्ण ठेवून तो अ‍ॅम्प्लिफायरवर कमी करणे श्रेयस्कर. २४ बिटांच्या वाटेवर मात्र ही चिंता फारशी उरत नाही. ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्यांनी तर थेट वाटेचा आग्रह सोडलेलाच बरा. तेथे ध्वनी बहुधा काही भाग गाळूनच पाठविला जातो आणि नेहमीच्या जोडणीत मायक्रोफोन सुरू होताच त्याचा दर्जा टेलिफोनच्या पातळीवर येतो.

टाकी भरलेली हवी

आता वेळेचा प्रश्न. नळाला पाणी कधी जोराने येते, कधी करंगळीएवढे. तरीही गच्चीवर टाकी असल्याने स्वयंपाकघरातील धार एकसारखी राहते. संगणकात या टाकीला 'बफर' म्हणतात. विंडोजचा सामायिक मार्ग साधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी आकड्यांचा एक हप्ता पुढे सरकवितो. ४८,००० च्या दराने अशा हप्त्यात ४८० नोंदी असतात. हप्ता चुकला की टाकी कोरडी पडते आणि तो 'टक्' आवाज येतो.

हप्ता चुकण्याचे खापर बहुधा प्रोसेसरच्या शक्तीवर फोडले जाते. ते बरोबर नाही. सीडीच्या दर्जाचे गाणे वाजविणे आजच्या प्रोसेसरला चिल्लर काम आहे. दोष अनेकदा वायफाय, ग्राफिक्स कार्ड किंवा बॅटरीची व्यवस्था पाहणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरचा असतो. अशा ड्रायव्हरची तातडीची कामे गाण्याच्याही पुढे रांगेत घुसतात. 'लॅटन्सीमॉन' हा कार्यक्रम काही मिनिटे चालवून असा अडथळा आणणारा ड्रायव्हर शोधता येतो. त्याची नवी आवृत्ती बसविली, की पुष्कळदा काम भागते.

या रांगेची किंमत २००७ मध्ये चांगलीच गाजली. व्हिस्टावर गाणे सुरू केले, की नेटवर्कवरून फाईल उतरवून घेण्याचा वेग घसरतो, असे वापरकर्त्यांच्या ध्यानात आले. मायक्रोसॉफ्टचे अभियंता मार्क रुसिनोविच यांनी ऑगस्ट २००७ मध्ये त्याचा जाहीर खुलासा केला. गाण्याचा हप्ता चुकू नये, म्हणून व्हिस्टा नेटवर्कवरून येणाऱ्या पुडक्यांवर मिलिसेकंदाला दहाची मर्यादा घालीत असे. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे १५ मेगाबाइटपुरता उरे. गिगाबिट जाळ्यावर काम करणाऱ्यांना हा फटका जाणवला. ऑपरेटिंग सिस्टिम संगीताची काळजी मुळातच घेते, हा या प्रकरणाचा धडा आहे. अनेक 'सुधारक' कार्यक्रम मात्र हीच मर्यादा उठवून संगीत सुधारल्याचा दावा करतात.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. टाकी जितकी लहान तितके चांगले, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी आहे. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये विनाविलंब ऐकू यावा लागतो. ऐकणाऱ्याचे मात्र गाणे अर्धा सेकंद उशिरा सुरू झाल्याने काहीच बिघडत नाही. त्याने टाकी खुशाल मोठी ठेवावी. शिवाय असिंक्रोनस पद्धतीच्या यूएसबी डॅकमध्ये स्वतःचे घड्याळ असते आणि आकड्यांची गती ते ठरविते. संगणकाने टाकी भरलेली ठेवली, की त्याचे काम संपले. गाण्याची सुरुवातच कापली जात असेल, तर वीज वाचविण्यासाठी यूएसबी झोपविण्याची सूचना 'पॉवर ऑप्शन्स'मधून बंद करून पाहावी.

जे करू नये

घातक उपाय नेमके येथे सुरू होतात. विंडोजच्या पार्श्वभूमीवर चालणाऱ्या डझनभर सेवा बंद कराव्यात, अँटिव्हायरस काढून टाकावा, अपडेट थांबवावेत, म्हणजे आवाज 'मोकळा' होतो, असे सांगितले जाते. आकडे तेच असतील आणि टाकी रिकामी होत नसेल, तर डॅकच्या हाती पूर्वीचेच गाणे पडते. मदरबोर्डवरील ध्वनिभागात संगणकाच्या विजेची कुरकुर शिरू शकते, हे खरे. पण त्यावर बाहेरचा डॅक हा उपाय आहे, रजिस्ट्रीतील खाडाखोड नव्हे. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याची कवचे काल्पनिक सुरेलपणासाठी उतरविणे शहाणपणाचे नाही.

संगीतासाठी स्वतंत्र यंत्र हवे असेल, तर जुना संगणक कामी येतो. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक घरांत असे संगणक अडगळीत गेले आहेत. त्यांवर लिनक्स बसविता येते. क्रेडिट कार्डाएवढा रास्पबेरी पाय आणि त्यावर 'व्हॉल्युमिओ' किंवा 'मूड ऑडिओ' यांसारखी केवळ संगीतासाठी बेतलेली लिनक्स प्रणाली, हा आणखी सुटसुटीत मार्ग आहे. त्याला पंख्याची घरघरही नसते.

कानांची परीक्षा

एवढे करून फरक ऐकू येतो का? ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर आणलेले, असे दोन्ही श्रोत्यांना ओळखू न देता ऐकविले. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढीच आली असती. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक असलाच, तर तो इतका सूक्ष्म आहे.

ही परीक्षा घरीही घेता येते. 'फूबार २०००'ला 'एबीएक्स' हा जोड-कार्यक्रम लावला, की तो दोन फाईली नाव न सांगता ऐकवितो. सोळापैकी निदान बारा वेळा अचूक ओळखता आले, तर फरक खरा मानावा. केवळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. कानावर विश्वास ठेवावा, पण डोळे झाकून.

थोडक्यात सांगायचे, तर तोटा न झालेली फाईल, जुळणारा नमुनादर, बंद केलेल्या 'एन्हान्समेंट्स', हवी असल्यास थेट वाट आणि भरलेली टाकी, एवढी पथ्ये पुरेत. त्यांना पैसा लागत नाही, फार तर एक संध्याकाळ लागते. उरलेला पैसा स्पीकरवर आणि खोलीवर खर्च करावा. उघड्या भिंतींच्या खोलीत एखादा जाड गालिचा, पडदे आणि पुस्तकांनी भरलेली फडताळे जो फरक घडवितात, तो रजिस्ट्रीतील कोणत्याही आकड्याला साधणार नाही. ऑपरेटिंग सिस्टिमकडून अपेक्षा एकच ठेवावी. तानपुरा धरणाऱ्याप्रमाणे तिने मागे राहावे, लय सोडू नये आणि गाण्यात मध्येच स्वतःचा सूर लावू नये.