घोणशीचा दंश आणि रक्त गाळण्याचें यंत्र

उसाच्या फडांत व भाताच्या खाचरांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस घोणशीची ओळख करून द्यावयास नको. नागाच्या विषानें श्वास कोंडतो; घोणशीच्या विषानें रक्ताचें गोठणें बिघडतें व पुष्कळदां मूत्रपिंडें बंद पडतात. हें दुसरें संकट, दंश होऊन एकदोन दिवस लोटल्यावर, रोगी वांचला असें घरच्यांस वाटूं लागतें तेव्हां उघड होतें. आम्ही तहसिलींत कारकून असतांना सर्पदंशाच्या मदतीचीं जीं प्रकरणें येत, त्यांत दंशाची तारीख व मृत्यूची तारीख यांत आठ-दहा दिवसांचें अंतर असलेलीं थोडीं नव्हतीं.

मूत्रपिंडें थांबलीं म्हणजे शरीरांतील मळ व क्षार रक्तांतच सांचतात. त्यांपैकीं पोटॅशियम फार वाढल्यास हृदय एकाएकीं बंद पडतें. अशा वेळीं रक्त बाहेर काढून, गाळून परत शरीरांत सोडतात. ह्या उपचारास डायालिसिस म्हणतात. १९१३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉन एबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कुत्र्यांच्या रक्तांतून सॅलिसिलेट अशा रीतीनें काढून दाखविलें. रक्त गोठूं नये म्हणून त्यांनीं जळवांचा अर्क योजिला होता. मनुष्यास उपयोगी पडेल असें यंत्र हॉलंडांतील कांपेन गांवीं विलेम कोल्फ यांनीं जर्मन अंमलांत, १९४३ सालीं, उभें केलें. सॉसेज भरण्याची सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोंवतीं गुंडाळून तें पिंप क्षारांच्या पाण्यांत फिरवावयाचें, एवढाच तो खटाटोप! आरंभींचे बहुतेक रोगी दगावले. १९४५ सालीं मात्र ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली व जगली.

आतां जें नीट ध्यानांत ठेवावयाचें तें सांगतों. हें यंत्र घोणशीचें विष काढीत नाहीं. विषांतील घातक द्रव्यें बहुतांशीं मोठ्या प्रथिनांचीं असून यंत्राच्या पडद्याचीं छिद्रें त्यांस लहान पडतात. विष मारावयाचें तें प्रतिविषानेंच, आणि तेंही विनाविलंब. यंत्राचें काम मूत्रपिंडें पुन्हां चालू होईपर्यंत रोग्यास तगवून धरण्याचें. बहुधा कांहीं आठवड्यांत तीं सुधारतात, क्वचित् कायमचीं निकामी होतात. ‘डायालिसिस एकदां लागलें कीं जन्माचें लागलें’ ह्या भीतीनें कित्येक घरें रोग्यास माघारी आणतात. दंशाच्या रोग्यांपुरती ती भीति बहुतेक वेळां निराधार आहे.

विषारी दारूंतील मेथिल अल्कोहोल हें यंत्र प्रत्यक्ष काढून टाकतें. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांत त्याचा उपयोग थोडा, तेथें अॅट्रोपिनच हवें. पॅराक्वॉट हें तणनाशक पोटांत गेल्यास पहिल्या कांहीं तासांत कोळशाच्या गाळणींतून रक्त फिरवितात, परंतु जीव वांचेल असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं.

दंश झालेल्या मनुष्याची लघवी कमी झाली, तांबूस आली किंवा तोंड सुजलें, तर त्याच दिवशीं जिल्हा रुग्णालय गांठावें. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांकरितां २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रमांत हा उपचार विनामूल्य आहे. शिधापत्रिका व आधार पत्र सोबत न्यावें.