नवा मोबाईल घेताना सिमकार्ड कसे बदलावे?

कसबा पेठ हा पुणे शहराचा सर्वांत जुना भाग. कसबा गणपतीच्या दर्शनासाठी व तांबट आळीतील भांडी नेण्यासाठी जिल्ह्यातील शेतकरी येथे पूर्वीपासून येतात. २९ सप्टेंबर २०२४ पासून येथे मेट्रोचे स्थानक सुरू झाल्याने मार्केट यार्डात माल उतरवून स्वारगेटहून येथे येणे सोपे झाले आहे. याच फेरीत जवळच्या बाजारातून नवा मोबाईल घेणारेही पुष्कळ असतात. दुकानदार दोन मिनिटांत सिम बदलून देतो. जुना फोन बदल्यात देऊन शेतकरी गावी परततो आणि मग लक्षात येते, की हुंडेकरी, ट्रॅक्टरवाले व मजूर यांचे नंबर जुन्या फोनमध्येच राहिले. असे होऊ नये म्हणून पुढील माहिती उपयुक्त ठरेल.

सिमबरोबर काय जाते, काय राहते?

मोबाईल नंबर हा फोनचा नसून सिमचा असतो. सिममधील चिपमध्ये ग्राहकाचा ओळख क्रमांक व एक गुप्त किल्ली असते. फोन सुरू होताच नेटवर्क या किल्लीच्या आधारे ग्राहकाची खात्री करून घेते. म्हणून स्वतःचे चालू सिम दुसऱ्या फोनमध्ये घालण्यास कंपनीची परवानगी लागत नाही. फोनला स्वतःचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# दाबल्यास तो दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा.

सिममध्ये साधारण २५० नावे मावतात. मात्र अलीकडच्या फोनमध्ये नावे बहुधा फोनच्या स्मृतीत किंवा गुगल खात्यात साठतात. छायाचित्रे, व्हॉट्सॲपवरील संदेश व निरनिराळी ॲप सिमबरोबर जात नाहीत. ई-पीक पाहणीची एखादी नोंद नेटवर्कअभावी पाठवायची राहिली असल्यास ती जुन्या फोनवरूनच आधी पूर्ण करावी.

आकार व जुळणी

मोठ्या सिमचा आकार २५ × १५ मि.मी., मायक्रोचा १५ × १२ मि.मी. व नॅनोचा १२.३ × ८.८ मि.मी. असतो. नव्या स्मार्टफोनमध्ये बहुधा नॅनो सिम लागते. जुने सिम कात्रीने कापून बसवू नये. नॅनो सिम जाडीलाही कमी असते. कापलेले सिम ट्रेमध्ये अडकते किंवा चिपला इजा होते. कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचे योग्य आकाराचे सिम घ्यावे. फार जुने सिम असल्यास फोर-जी सेवेसाठीही ते बदलावे लागते.

उलट, नॅनो सिम जुन्या फोनमध्ये वापरायचे असल्यास सांगाडा मिळतो. रिकामा सांगाडा मात्र फोनमध्ये सरकवू नये, आतील पिना वाकतात. जिओचे सिम केवळ टू-जी असलेल्या जुन्या साध्या फोनमध्ये चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सिम बदलण्याची पद्धत

१) जुन्या फोनमधील नावे गुगल खात्यात किंवा सिमवर उतरवून घ्यावीत. महत्त्वाचे दहा नंबर वहीतही लिहावेत.

२) व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा.

३) दोन्ही फोन बंद करावेत. साध्या फोनची बॅटरी काढून सिम काढावे. स्मार्टफोनच्या ट्रेजवळील छिद्रात सोबतची पिन हलकेच दाबावी. माईकच्या छिद्रात पिन घालू नये.

४) सिमचा कापलेला कोपरा ट्रेच्या कोपऱ्याशी जुळवून बसवावा. पिवळ्या धातूच्या भागास ओला हात लावू नये.

५) सिमचा पिन विचारल्यास अंदाजाने आकडे दाबू नयेत. तीनदा चुकल्यास सिम कुलूपबंद होते व कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. तोही दहा वेळा चुकल्यास सिम कायमचे निकामी होते.

६) फोन लागतो, येतो व संदेश मिळतो, याची खात्री करावी.

पैशाचे व्यवहार

नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एक संदेश आपोआप जातो. त्यासाठी रिचार्ज चालू असावा व दोन सिम असल्यास योग्य सिम निवडावे. फोन बदलल्यावर पहिले २४ तास रकमेवर मर्यादा येऊ शकते. म्हणून खते, बियाणे किंवा गाडीभाडे देण्याच्या दिवशी फोन बदलू नये.

आधार, बँक, पी.एम. किसानची ओटीपीद्वारे होणारी ई-केवायसी व शेतकरी ओळख क्रमांक या सर्वांना नोंदवलेला नंबर लागतो. सिम ९० दिवस वापराविना राहिल्यास नंबर बंद होऊ शकतो व कालांतराने दुसऱ्यास दिला जातो. नव्या फोनबरोबर नवा नंबर घेतला तरी जुना लगेच सोडू नये. आधी आधार व बँक या दोन्ही ठिकाणी नवा नंबर स्वतंत्रपणे नोंदवावा. सिम मुलाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावावर असल्यास ते हरवल्यावर दुसरे सिम आपल्याला मिळत नाही. यासाठी नंबर स्वतःच्या नावावर करून घेणे हिताचे.

फसवणुकीपासून सावधान

भामटे आपल्या नावे दुसरे सिम काढून बँकेचे ओटीपी मिळवतात. नवे सिम दिल्यानंतर २४ तास संदेशसेवा बंद ठेवली जाते. तसेच १ जुलै २०२४ पासून सिम बदलून घेतल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. तरीही दक्षता हवी. शेजाऱ्याच्या फोनला नेटवर्क असताना त्याच कंपनीचा आपला फोन अचानक बंद पडला व बराच वेळ तसाच राहिला, तर कंपनीला व बँकेला त्वरित कळवावे. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. ‘सिम अपग्रेड करतो, आलेला आकडा सांगा’ असे कोणी फोनवर म्हटल्यास आकडा सांगू नये.

जुना फोन केव्हा द्यावा?

जुना फोन किमान आठवडाभर घरी ठेवावा. सर्व कामे नव्या फोनवर सुरळीत झाली, की जुन्यातील खाती बंद करून माहिती पूर्ण पुसावी, मेमरी कार्ड काढून घ्यावे व मगच तो विकावा. बदल्यात चारदोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील. परंतु हंगामाच्या तोंडावर नंबर, नोंदी व पैसा अडकून राहणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.