पोटगी, मुलांचा ताबा आणि खरे शपथपत्र

विवाह हा संस्कार आहे आणि त्याचे बंधन मनुष्याने तोडू नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. तथापि, आपल्याच धर्मग्रामांतील काही संसार मोडतात, हेही सत्य आहे. अशा वेळी ‘आपण कॅथलिक, आपल्याला कोर्टाची पायरी चढणे पाप’ अशा समजुतीने काही भगिनी मुकाट्याने माहेरी राहतात आणि मुलांच्या हक्काचा खर्चही मागत नाहीत. ही समजूत चुकीची आहे. कॅथलिक श्रद्धाग्रंथाच्या २३८३ व्या परिच्छेदात म्हटले आहे की कायदेशीर हक्क, मुलांचे संगोपन किंवा वारसाहक्क यांचे रक्षण करण्यास दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो सहन करता येतो. त्यात नैतिक अपराध होत नाही. संस्काराचे बंधन त्यामुळे सुटत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

नागपुरातील एक खटला

पोटगीसंबंधी आज देशभर जे नियम लागू आहेत, त्यांचा उगम नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातील एका अर्जात आहे. बाळाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, एका पत्नीने सासरचे घर सोडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंतरिम पोटगी मागितली. २४ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने पत्नीस दरमहा १५,००० रुपये आणि मुलास आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये मंजूर केले. पतीने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली. ती २०१८ मध्ये फेटाळली गेली. मग प्रकरण दिल्लीस गेले. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने ओळखला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागला. तोपर्यंत तान्हे बाळ शाळेत जाण्याच्या वयाचे झाले होते. अंतरिम पोटगी म्हणजे मुख्य निकाल लागेपर्यंतची तात्पुरती सोय. तिलाच सात वर्षे लागली!

असा विलंब पुन्हा होऊ नये म्हणून न्यायालयाने काही नियम घालून दिले. पती व पत्नी दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे व खर्च यांचे शपथपत्र ठरावीक नमुन्यात दाखल करावयाचे. उत्तर देणाऱ्यास त्यासाठी चार आठवडे मिळतात. शपथपत्रे आल्यानंतर अंतरिम अर्ज शक्यतो चार ते सहा महिन्यांत निकाली काढावा. पोटगी निकालाच्या तारखेपासून नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून द्यावी. पत्नी कमावती आहे एवढ्याच कारणाने तिचा हक्क बुडत नाही. मुलांच्या खर्चात अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि शिक्षण या सर्वांचा समावेश होतो. आदेश मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते.

दुकानाचे उत्पन्न कसे सिद्ध करावे?

नोकरदाराचा पगार कागदावर असतो. परंतु गांधीबागेच्या कापडबाजारासारख्या ठिकाणी कमाई गल्ल्यातून येते. भागीदारी भावांमध्ये असते आणि दुकान वडिलांच्या नावावर. तेथे ‘माझे काहीच उत्पन्न नाही’ असे म्हणणे सोपे जाते. यासाठीच शपथपत्राच्या नमुन्यात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास धंद्यातील आपला हिस्सा आणि उलाढाल सांगावी लागते. खोटी माहिती देणाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. आम्हास मात्र त्याहूनही गंभीर वाटते ती आठवी आज्ञा. शपथेवर खोटे लिहून पुरुषाने लपविलेली किंवा स्त्रीने फुगविलेली रक्कम अखेर मुलाच्याच वाट्याला अन्याय म्हणून येते.

ख्रिस्ती विवाहाचा कायदा

आपल्या विवाहांस १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. मूळ कायद्यात पतीला केवळ व्यभिचाराचे कारण पुरे होते. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग यांसारखे दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये ‘प्रगती वर्गीस’ प्रकरणात हा भेदभाव घटनाबाह्य ठरविला. पुढे २००१ च्या दुरुस्तीने कारणे दोघांसही समान झाली, परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला आणि पोटगीवरील एकपंचमांश उत्पन्नाची मर्यादाही गेली. दावा चालू असताना मुलांच्या पालनपोषणाचा व शिक्षणाचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असेही आता कायद्यात आहे.

घटस्फोट न मागताही पोटगी मागता येते. पूर्वीच्या फौजदारी संहितेचे कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. ते सर्व धर्मीयांस लागू आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली राहत्या घरातील निवाराही मागता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

मुले कोणाकडे?

‘पाच वर्षांखालील मूल आईकडेच’ हा नियम हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातील आहे. ख्रिस्ती कुटुंबांसाठी अशी वयाची रेषा आखलेली नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि घटस्फोट कायदा यांनुसार न्यायालय बालकाचे हित पाहते. मूल समजण्याइतके मोठे असल्यास त्याची इच्छाही विचारात घेते. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याची भेट आणि खर्चाची जबाबदारी संपत नाही. भेट नाकारली म्हणून खर्च थांबविणे, किंवा खर्च थांबला म्हणून भेट रोखणे, या दोन्ही रीतींत मुलाचेच नुकसान होते.

ख्रिस्तसभेचे न्यायासन

विवाह मुळातच अवैध होता, असा निर्णय धर्मप्रांतीय न्यायासनाने दिला, तरी दिवाणी कायद्याच्या दृष्टीने तो विवाह संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘मॉली जोसेफ’ प्रकरणात आणि पुन्हा २०१७ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तेव्हा केवळ त्या निर्णयावर दुसरा विवाह करणाऱ्यास कायद्याची अडचण येईल. तसेच त्या निर्णयाने मुलांची जबाबदारीही टळत नाही. पती-पत्नी विभक्त झाल्यावर मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची योग्य व्यवस्था नेहमीच व्हावी, असे ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ११५४ वा नियम सांगतो.

काय करावे?

विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या पावत्या, बँकेची पासबुके व दवाखान्याची बिले एकत्र ठेवावीत. अर्ज लवकर करावा, कारण पोटगी त्या तारखेपासून मोजली जाते. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया व बालके यांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकही असतात. समेटाची आशा असेल तर त्यांच्यासमोर मोकळेपणाने बोलावे. मारहाणीचे भय असेल तर मात्र समेटाच्या आशेने तेथेच राहण्याचे बंधन ख्रिस्तसभाही घालत नाही.

आपल्या शेजारी असे घर असेल, तर दोष कोणाचा याची चर्चा करण्यापूर्वी त्या घरातील मुलाची या महिन्याची शाळेची फी भरली गेली आहे काय, एवढे आपण विचारावे, ही आमची वाचकांस नम्र विनंती.