नर व मादी बेडूक एकच आवाज वेगवेगळा ऐकतात

पावसाळ्याच्या रात्री पाणथळ जागी सुरू होणारे बेडकांचे डरावणे माणसाच्या कानाला एकसुरी वाटते. बेडकांसाठी मात्र त्या एकाच आवाजात दोन निरोप असू शकतात. त्यातील एक प्रतिस्पर्धी नरांसाठी असतो, तर दुसरा जोडीदाराच्या शोधात असलेल्या मादीसाठी. कोणता निरोप कोणापर्यंत पोहोचावा, याची निवड नर व मादीच्या कानातच सुरू होते आणि पुढे मेंदूत पूर्ण होते, असे गेल्या पाच दशकांतील संशोधनातून दिसून आले आहे.

'को' आणि 'की'

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावरील 'कोकी' या बेडकाचे आहे. जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर लांबीच्या या बेडकाला त्याच्या आवाजावरूनच हे नाव मिळाले आहे. सूर्यास्तानंतर नर 'को-की' अशी दोन स्वरांची साद घालू लागतो. अर्ध्या मीटर अंतरावर या आवाजाची तीव्रता ९० डेसिबलपेक्षाही अधिक भरते. पहिला स्वर 'को' सुमारे ११०० ते १२०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा असतो. दुसरा स्वर 'की' त्याहून बराच उंच, सुमारे २००० हर्ट्झचा असतो.

पीटर नॅरिन्स आणि रॉबर्ट कॅप्रॅनिका या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून या बेडकांच्या प्रतिक्रिया तपासल्या. केवळ 'को' ऐकवला तरी नर प्रत्युत्तर देत होते. हा स्वर त्यांच्या दृष्टीने हद्दीची सूचना होता. मादी मात्र 'की' या स्वराकडे आकर्षित होत होती. दुसरा नर हद्दीत शिरला, तर यजमान नर अनेकदा 'की' गाळून फक्त 'को' चा उच्चार करतो, असेही दिसून आले.

यानंतर दोघांनी कानापासून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या श्रवणचेतेतील एकेका तंतूचे विद्युत संदेश नोंदवले. नर व मादीच्या श्रवणयंत्रणेची स्वरजुळणीच भिन्न असल्याचे त्यातून उघड झाले. मादीच्या चेतेत 'की' या स्वराला प्रतिसाद देणारे तंतू तुलनेने अधिक होते. हे निष्कर्ष १९७६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एखादा आवाज कोणासाठी महत्त्वाचा आहे, याची चाळणी मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच होऊ शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

कानाची रचना

बेडकाला बाहेर दिसणारी कानाची पाळी नसते. बहुतेक जातींत डोळ्यामागे दिसणारी गोल चकती हाच त्याचा कानाचा पडदा असतो. अंतर्कर्णात हवेतील आवाज टिपणारे मुख्यतः दोन स्वतंत्र अवयव असतात. त्यांपैकी एक खालच्या व मधल्या पट्टीतील स्वर ग्रहण करतो, तर दुसरा उंच स्वरांच्या एका मर्यादित पट्ट्याला जुळलेला असतो. नर-मादीतील फरक प्रामुख्याने या दुसऱ्या अवयवात आढळतो. अनेक जातींत मादी नरापेक्षा मोठी असते आणि तिचा हा अवयव तुलनेने खालच्या स्वराला जुळलेला असतो.

काही जातींत हा फरक बाहेरूनही दिसतो. अमेरिकी बुलफ्रॉगच्या नराच्या कानाचा पडदा त्याच्या डोळ्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असतो, तर मादीचा जवळपास डोळ्याएवढाच असतो.

मेंदूतील निर्णय

कानाकडून आलेले संदेश मेंदूच्या देठातून वर चढत मध्यमेंदूतील श्रवणकेंद्रात एकत्र येतात. येथे आवाजाची लांबी, गती व स्वरांचा क्रम यांची छाननी होते. येथून काही संदेश पुढील मेंदूकडे जातात, तर काही हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागांकडे वळतात.

या टप्प्यावरील फरकाचा अभ्यास पनामा व परिसरात आढळणाऱ्या 'टुंगारा' बेडकावर झाला आहे. या जातीच्या नराची साद ऐकून मादी तिच्या दिशेने जाते. दुसरा नर मात्र तीच साद ऐकून स्वतः ओरडू लागतो. चेतापेशी उत्तेजित झाल्यावर तत्काळ कार्यान्वित होणाऱ्या जनुकांच्या आधारे मेंदूचा कोणता भाग जागृत झाला, हे संशोधकांनी शोधले. किम होक, मायकेल रायन आणि वॉल्टर विल्झिन्स्की यांनी २००८ मध्ये मध्यमेंदूच्या श्रवणकेंद्रातील एक थर हे नर-मादीच्या निर्णयातील फरकाचे संभाव्य स्थान असल्याचे सुचवले.

मादीचा प्रतिसाद सदैव सारखाही नसतो. अंडी घालण्याची वेळ जवळ आली की ती नराच्या आवाजाकडे ओढली जाते, एरवी तोच आवाज तिला विशेष हलवत नाही. विणीच्या काळातील संप्रेरकांचा मध्यमेंदूच्या प्रतिसादावर परिणाम होतो, असे प्रयोगांतून आढळले आहे.

मादीही बोलते

ओरडणारा नर आणि ऐकणारी मादी अशी विभागणी सर्वत्र लागू होत नाही. चीनमधील हुआंगशान परिसरात खळाळत्या ओढ्यांजवळ राहणाऱ्या एका जातीचे बेडूक माणसाला ऐकू न येणाऱ्या, २० हजार हर्ट्झहून उंच ध्वनीचाही वापर करतात, हे २००६ मध्ये जाहीर झाले. पाण्याच्या धीरगंभीर आवाजावर मात करण्याचा हा उपाय मानला जातो. २००८ मधील अभ्यासानुसार या जातीची मादीही साद घालते आणि नर अत्यंत अचूकतेने तिच्या दिशेने झेप घेतो.

महाराष्ट्रातील सह्याद्रीत आढळणाऱ्या 'बॉम्बे नाइट फ्रॉग' या बेडकाची मादीही आवाज काढते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. एस. डी. बिजू व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची नोंद आहे. बेडकांच्या फारच थोड्या जातींत मादीचा आवाज नोंदवला गेला आहे.

जुळणी बिघडल्यास

या संशोधनाचे महत्त्व केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. नराचा कंठ आणि मादीचा कान यांची जुळणी असेल, तरच अंधारात दोघांची भेट होते. तापमानवाढीच्या काळात हीच जुळणी चिंतेचा विषय ठरली आहे.

नॅरिन्स आणि सेबास्टियान मेन्डरिंक यांनी पोर्तो रिकोच्या डोंगरउतारावर २३ वर्षांच्या अंतराने केलेल्या ध्वनिमुद्रणांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक उंचीवर कोकीचा आवाज पूर्वीपेक्षा उंच पट्टीत गेला होता आणि त्याचा कालावधी घटला होता. याच काळात तेथील तापमानही वाढले होते. पूर्वी डोंगराच्या खालच्या भागात मिळणारा आवाज आता वरच्या भागात ऐकू येत होता. दीर्घकाळ तापमान वाढत राहिल्यास बेडकांचा आकार घटू शकतो आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या वर्षावनातील अन्नसाखळीलाही धक्का पोहोचू शकतो, असा इशारा त्यांनी दिला.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचर प्राण्यांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. अधिवासाचा नाश, रोगराई व हवामान बदल ही त्याची प्रमुख कारणे आहेत. एखाद्या तळ्यावर बेडकांचे आवाज ऐकू येतात, म्हणजे तेथे सर्व आलबेल आहे, असे समजले जाते. परंतु ते आवाज नरांचे असतात. त्यांची साद मादीच्या कानाला व मेंदूला अजूनही ओळखता येते का, यावरच पुढील पावसाळ्यात तेथे बेडूक असतील की नाही हे अवलंबून आहे.